दर्शनी भिंत

श्रीपती लोंढेच्या घराला भिंती चार, पण चारचौघांत दाखवण्याजोगी एकच. मागच्या तिन्ही मातीच्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात पोपडे सोडणाऱ्या. रस्त्याकडची तेवढी सिमेंटच्या गिलाव्याची. श्रीपतीनं उभा जन्म गवंडीकामात घालवला. बारामतीत लोकांचे बंगले चढवले, त्यांच्या जिन्यांना, गच्च्यांना हात फिरवला. स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हा मात्र एका भिंतीपुरतंच सिमेंट जमलं. पोराचं, बुद्धघोषचं, लग्न तोंडावर होतं. पाहुणे रस्त्यानं येणार आणि समोरूनच बघणार, म्हणून त्यानं रस्त्याकडची भिंत धरली. ओळंबा लावून, वरचेवर पाणी मारून ती अशी केली की हात फिरवला तर बोटाला खडा लागू नये. नवरानवरीचा फोटो तिच्यापुढंच काढला. तो आत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे आणि त्यात घर फार चांगलं दिसतं.

अशी भिंत आणि तीही लोणी देवकरच्या एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला. सिमेंट कंपनीचा पेंटर ती सोडतोय कशाला. तो डबे घेऊन आला आणि चतुराबाईला म्हणाला, ‘‘मावशी, भिंतीवर जाहिरात लिहू द्या, दारचौकट फुकट रंगवून देतो.’’

चतुराबाईनं दाराकडं पाहिलं. दाराचा रंग कधीच उडाला होता.

‘‘लिव्ह बापडा. पर खालची भित माजी. तितं मी गवऱ्या थापती.’’

‘‘थापा की.’’

पेंटरनं वर हातभर निळ्या अक्षरांत लिहिलं, ‘सिमेंट, स्टील, पत्रे मिळतील.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं, ‘बिरदेव ट्रेडर्स, पुढे दोन किलोमीटर’, आणि शेजारी पुढच्या गावाकडं तोंड करून एक बाण काढला. दार हिरवंगार करून दिलं. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

पुढं म्हैस व्याली. वैरण वाढली तसं शेणही वाढलं. गुळगुळीत भिंतीवर गवरी लवकर वाळते आणि न मोडता सुटते, हे चतुराबाईच्या ध्यानात आलं तशा गवऱ्या ओळीओळीनं वर चढल्या. बाण झाकला गेला, बिरदेव ट्रेडर्सही झाकलं गेलं. ‘सिमेंट, स्टील, पत्रे मिळतील’ एवढं मात्र लांबून दिसत राहिलं. नवराबायकोंतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतीवरचं कोण वाचतं?

वाचणारे आले. घरांची नवी मोजणी चालली होती आणि ती पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीला दिलेली होती. मोटरसायकलवर दोघं आले. चतुराबाई शेणात कोपरापर्यंत बुडालेली होती.

‘‘कशाचा फोटू काढता रं?’’

‘‘सर्व्हे आहे, मावशी.’’

मावशी म्हटल्यावर तिनं पाणी हवं का विचारलं. नको म्हणाले. गाडीवरून न उतरता त्यांनी फोटो काढला, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि पुढच्या घराकडं गेले.

माघ सरता सरता ग्रामपंचायतीचा शिपाई गेणू घरपट्टीचं बिल घेऊन आला. आल्या आल्या दारातूनच हाक मारली, ‘‘शेठ हायत का घरात?’’

श्रीपती बाजेवर गुडघ्याला तेल चोळत होता. ‘‘कोन शेठ?’’

‘‘तुमीच. सिमेंटचं दुकान टाकलंसा, आमाला चहाला सुदिक बोलवलं न्हाय.’’

बिलावर घराच्या वापरापुढं ‘दुकान’ असं छापलेलं होतं आणि आकडा अंगावर येईल एवढा फुगला होता. श्रीपतीनं बिल उलटंपालटं केलं. वरचं नाव त्याचंच होतं.

‘‘गेणू, आरं तू रोज हितनं जातूस. हाय का दुकान?’’

‘‘मी कशाला सांगू? मी शिपाई हाय.’’

ग्रामसेवक ज्ञानेश भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता. तीन गावांचा कारभार त्याच्या एका डोक्यावर होता, आणि तीन गावांची बोलणी खाऊन त्याच्या आवाजात कायमची एक विनवणी येऊन बसली होती. त्यानं श्रीपतीला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. हिरवं दार, निळी अक्षरं, गवऱ्यांच्या ओळी आणि कडेला चतुराबाईचा अर्धा पदर.

‘‘भाऊसाहेब, मागल्या महिन्यात तुमी आमच्यात बसून चहा पिलासा. दुकान दिसलं का तुमाला?’’

‘‘मला दिसून काय उपयोग, तात्या? सिस्टिमला दिसलं पाहिजे.’’

‘‘मग तिला सांगा की.’’

‘‘हरकतीची मुदत होती. यादी बोर्डावर लावली होती आपण.’’

श्रीपतीनं उठून बाहेरच्या बोर्डाकडं पाहिलं. बोर्डावर कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फलक ताणून बांधला होता. नेता मोबाईल कानाला लावून हसत होता.

‘‘हितं तर वाढदिवस हाय.’’

‘‘त्याच्या खाली होती यादी,’’ ज्ञानेश खाली बघत म्हणाला.

श्रीपती परत बसला. घरपट्टीचं कसंतरी निभावू, एवढं मनाशी म्हणून तो उठणार, तोच ज्ञानेशनं खरी गोष्ट सांगितली. ती सांगताना त्यानं दोन वेळा चष्मा पुसला.

‘‘तात्या, घरकुलाच्या यादीतनं तुमचं नाव गेलंय. दुकानदाराला घरकुल मिळत नाही. आपोआप उडतं ते.’’

 श्रीपतीच्या हातातली टोपी पिळली गेली.

घरकुल म्हणजे त्या घरात नुसतं सरकारी काम नव्हतं. घराला वर मातीचं माळवद होतं आणि त्याच्या तुळया वाळवीनं पोखरलेल्या. मागल्या दिवाळीच्या सुमारास सून रश्मी दिवसांत असताना एक तुळई तडकली आणि मातीचा ढिगारा थेट तिच्या अंथरुणावर आला. ती तेव्हा नळावर होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भीमराव सुप्याहून आले, टेकू दिलेल्या तुळईकडं मान वर करून पाहिलं आणि लेकीला घेऊन गेले. जाताना भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. ‘‘घर बांधा, मंग लेक आन नात दोनी आणून सोडतो,’’ एवढंच म्हणाले. अजून नात की नातू ठरायचं होतं, पण त्यांच्या तोंडून ‘नात’च निघालं आणि नातच झाली. तिला आता हसू फुटत होतं आणि आजीआजोबांना ते मोबाईलवर बघावं लागत होतं. घरकुलाच्या यादीत नाव आलं तेव्हा चतुराबाईनं आधी सुप्याला फोन लावला होता. जयंती झाली की पाया घेऊ, असं तिनं व्याह्याला ठासून सांगितलं होतं.

‘‘मग आता?’’ श्रीपतीनं विचारलं.

‘‘वर अपील करा. दुकान नसल्याचा पुरावा जोडा.’’

‘‘नसल्याचा पुरावा कसा आसतो?’’

‘‘दाखला असतो.’’

‘‘कोन देतं?’’

‘‘दुकानं नोंदवतात ना, ते.’’

श्रीपतीनं कामाचा खाडा केला आणि तालुका गाठला. एसटीत उभ्यानं गेल्यामुळं गुडघा सुजला. कचेरीत ज्या टेबलावर त्याला पाठवलं तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, ‘‘दुकानाचं नाव?’’

‘‘दुकान न्हाय.’’

‘‘मग इथं कशाला आलात?’’

‘‘न्हाय म्हणूनच आलोय, सायेब. न्हाय म्हणून लिहून पायजे.’’

आता कारकुनानं मान वर केली. त्याच्याकडं दुकान असल्याचे दाखले होते, दुकान बंद केल्याचे होते, दुकान एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर केल्याचेही होते. कधी नव्हतंच, असा दाखला त्याच्या नोकरीत कुणी मागितला नव्हता. त्यानं जरा विचार केला आणि मदत करण्याच्या सुरात म्हणाला, ‘‘असं करा बाबा. आधी दुकान नोंदवा. मग बंद करा. बंद केल्याचा दाखला लगेच देतो.’’

श्रीपतीला क्षणभर ते पटलं, आणि पटलं याचाच त्याला जास्त राग आला. ज्या दुकानात त्यानं एक खिळा विकला नव्हता ते उघडायचं आणि बंद करायचं! जिन्यावर बसून त्यानं डब्यातली भाकरी खाल्ली. येणारेजाणारे त्याच्या पायांवरून जात होते आणि ‘‘बाबा, रस्त्यात बसू नका’’ म्हणत होते.

दुपारनंतर एका खिडकीतल्या बाईंनी त्याचा अपिलाचा अर्ज वाचला. पूर्ण वाचला, हे त्याला विशेष वाटलं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि सांगितलं, ‘‘विस्तार अधिकारी पाहणीला येतील. स्वतः घर बघतील.’’

‘‘कवा?’’

‘‘येतील तेव्हा कळवतील.’’

तेवढ्या एका वाक्यावर तो घरी आला. ‘‘सायेब सवता बघणार हाय,’’ त्यानं चतुराबाईला सांगितलं. ‘‘बघितल्यावर झालंच की. डोळ्यांनी कुनाला दुकान दिसतंय हितं?’’

त्यानंतर फाल्गुन गेला. साहेब आले नाहीत. ज्ञानेशला विचारलं की तो म्हणे, मार्चएंड आहे. उन्हानं माळवदाला भेगा पडल्या आणि रात्री झोपेत तोंडावर माती यायला लागली. गावात श्रीपतीचं नाव शेठ पडलं ते पडलंच. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारायचं, ‘‘शेठ, पत्र्याचा काय भाव?’’ पहिल्यांदा तो हसला. मग शिव्या द्यायला लागला. मग त्यानं टपरीवर जाणंच सोडलं. त्या लोकांना दुकान नाही हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असणारी इतकी माणसं असून त्यांतल्या एकाच्याही सांगण्याला किंमत नव्हती.

सुप्याहून रश्मीचा रोज फोन यायचा. ‘‘आत्या, पाया कधी घ्यायचा?’’ ती विचारायची. चतुराबाई म्हणायची, ‘‘सायेब यायचंय अजून.’’  मागून भीमरावांचं खाकरणं ऐकू यायचं.

एप्रिल उजाडला. जयंतीच्या आधी घराला चुना लावायचा, ही त्या वस्तीची रीत. कुणाचं घर कसंही असो, चौदा तारखेला पांढरं दिसलं पाहिजे. एरवी चतुराबाई फक्त मागच्या भिंतींना चुना फिरवायची, कारण पुढची रंगवलेलीच होती. या खेपेला तिचं डोकं फिरलेलं होतं. श्रीपती कामावर, बुद्धघोष पहिल्या पाळीला फॅक्टरीत. तिनं खुरप्यानं गवऱ्या सोडवल्या, रचून ठेवल्या, भिंत खराट्यानं झाडली आणि वरपासून खालपर्यंत चुन्याचे दोन हात दिले. गवऱ्यांखालून बाण निघाला तोही तिनं पाहिला आणि त्यावर कुंचा जरा जोरानंच फिरवला. सगळ्या कटकटीचं मूळ ती भिंतच होती.

बुद्धघोष पाळी संपवून आला आणि रस्त्यातच थांबला.

‘‘आई, हे काय केलंस?’’

‘‘काय केलं? जयंती हाय. दुसऱ्याचं दुकान घिऊन बसू व्हय दाराला?’’

‘‘अगं, तितं लिवलं व्हतं, पुढं दोन किलोमीटर! दुकान तिकडं हाय म्हणून भितच सांगत व्हती! तेच दाखवायचं व्हतं सायबाला!’’

चतुराबाईचा हात कुंच्यावर तसाच राहिला. चुना कोपरावरून ओघळत होता.

‘‘मंग येवढं दिवस कुनी का न्हाय बोललं?’’

 बुद्धघोष रोज त्या भिंतीवरून जात होता. त्यालाही ती अक्षरं आत्ता, पुसल्यावर आठवली होती. संध्याकाळी श्रीपती आला, त्यानं पांढऱ्या भिंतीकडं बराच वेळ पाहिलं आणि न जेवता बाजेवर पडला.

जयंती झाली. निळे झेंडे उतरायच्या आतच, भर दुपारच्या उन्हात, विस्तार अधिकारी ज्ञानेशला बरोबर घेऊन आले. साहेब घामाघूम झालेले, सकाळपासून कितीतरी घरं बघितलेले. त्यांनी मोबाईलमधला फोटो पाहिला, समोरची भिंत पाहिली, परत फोटो पाहिला.

‘‘फलक पुसलेला दिसतोय,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे दुकान बंद केलंत.’’

‘‘बंद न्हाय केलं, सायेब. नव्हतंच,’’ श्रीपती म्हणाला.

‘‘फोटोत आहे, आता नाही. याला बंद केलं असंच म्हणतात. बंद केल्याचा दाखला जोडा.’’

श्रीपतीच्या मानेची शीर उडायला लागली. ‘‘सायेब, म्हशीम्होरं सिमेंट इकत व्हतो का मी?’’

‘‘आवाज कशाला चढवता?’’

‘‘चढवतो! तालुक्याला दाखला मागाय गेलो तर म्हणं आदी दुकान काढा. हितं आलं तर म्हणं बंद केल्याचं दावा. माज्या घरात मी काय करतो ते मी सोडून समद्यास्नी ठावं हाय!’’

ज्ञानेश मधे पडला. ‘‘तात्या, तात्या, शांत व्हा.’’

चतुराबाई भिंतीला टेकून उभी होती. साहेब मोबाईलवर काहीतरी भरायला लागले तशी ती पुढं झाली, आणि बुद्धघोषचं लक्ष तिच्या पाठीकडं गेलं. पदर पांढरा झाला होता आणि ती जिथं टेकली होती तिथं चुन्यातून निळा रंग वर आला होता. पेंटरचा तेलाचा रंग, त्याच्यावर चुना कसा धरणार?

‘‘आई, पाणी आण.’’

तिनं म्हशीची बादली उचलली आणि भिंतीवर पालथी केली. काथ्याचा घोस घेऊन घासायला लागली. साहेब मागं सरकले, त्यांच्या पँटवर पांढरे शिंतोडे उडाले. आधी बाणाचं शेपूट निघालं, मग टोक. मग ‘मीटर’ निघालं, मग ‘पुढे दोन’. चतुराबाई घासत होती आणि धापा टाकत म्हणत होती, ‘‘वाचा. आता वाचा, सायेब. मोट्यानं वाचा.’’

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, ‘‘बिरदेव ट्रेडर्स, पुढे दोन किलोमीटर.’’ आणि त्यांना हसू आलं. ‘‘अरे, हे दुकान तर मी येताना पाहिलं.’’

‘‘ते तसंच हाय तितं अजून,’’ बुद्धघोष म्हणाला.

साहेबांनी बाणाचा फोटो घेतला. मोबाईलवर बोट फिरवत म्हणाले, ‘‘ठीक. वापर, निवासी. झालं तुमचं.’’

श्रीपती बाजेवर टेकला. चतुराबाईनं ओल्या हातांनीच चूल पेटवली. चहा झाला. ज्ञानेश तर मोकळेपणानं हसला, आणि तो हसताना किती तरुण दिसतो हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. कप ठेवून साहेबांनी परत मोबाईल हातात घेतला.

‘‘आता पुढचा रकाना. भिंत... सिमेंट प्लास्टर. पक्के.’’

ज्ञानेशचं हसू गेलं. ‘‘साहेब, पक्के टाकलं तर घरकुल परत उडेल.’’

‘‘मग काय टाकू? समोर दिसतंय ते टाकणार.’’

‘‘मागं या, सायेब,’’ श्रीपती घाईनं उठला. ‘‘आत या. माळवद बघा.’’

साहेब खरोखर आत गेले. वाकून गेले तरी त्यांच्या केसांत माती पडली. टेकू दिलेली तुळई त्यांनी पाहिली, तिच्यावर बोट लावलं, बोट आत गेलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

‘‘मला दिसतंय हो,’’ ते हळू म्हणाले. ‘‘मी काय आंधळा आहे का? पण ॲप फोटो समोरूनच घेतं. रस्त्यावर उभं राहून. वर बसलेला माणूस तोच फोटो बघणार. फोटोत गुळगुळीत भिंत आणि मी लिहितो मातीचं घर, तर तो माझी नोंद परत पाठवणार, आणि तुमचं नाव पुढच्या मोजणीपर्यंत लटकणार. आज दिवस मावळायच्या आत सगळं पाठवायचंय मला.’’

‘‘बाजूनं घ्या फोटो,’’ बुद्धघोष म्हणाला.

‘‘ॲप नाही घेत.’’

 म्हैस शेपटीनं माशा हाकत होती. श्रीपती भिंतीकडं बघत होता. लग्नाआधी ती त्यानं केली तेव्हा बारामतीचे जोडीदार गवंडी बघायला आले होते आणि एकानं तिच्यावर गाल टेकवून पाहिला होता. इतकी वर्षं लोकांच्या घरांना दिलेला हात त्यानं एकदाच स्वतःच्या घराला दिला होता.

तो आत गेला आणि टिकाव घेऊन आला.

‘‘तात्या, काय करताय?’’ ज्ञानेश ओरडला.

‘‘सरका.’’

पहिला घाव बसला आणि टिकाव उसळून मागं आला. भिंतीवर नुसता पांढरा ओरखडा. दुसरा घाव, तिसरा. गिलावा हलेना. श्रीपतीला घाम फुटला. ‘‘लई पानी मारलं व्हतं,’’ तो कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. ‘‘माजाच हात नडला.’’ दुखरा गुडघा वाकत नव्हता म्हणून तो कमरेतून वाकला. बुद्धघोष टिकाव घ्यायला पुढं झाला, त्याला त्यानं कोपरानं ढकललं.

‘‘तू न्हाय. मी केलीय, मीच.’’

मग बाणाच्या वर, ‘सिमेंट’च्या खाली, एक फट पडली. त्यानं टिकावाचं टोक फटीत घातलं आणि अंगाचा भार टाकला. दाराएवढा गिलावा अक्षरांसकट सुटून खाली आला आणि त्याच्या मागोमाग आतली माती भसाभसा कोसळली. धुरळा खाली बसला तेव्हा भिंतीला भगदाड पडलं होतं आणि त्यातून घराच्या आतलं सगळं रस्त्यावर दिसत होतं, डबे, दोरीवरची लुगडी, तुळईचा टेकू, तसबिरीखालचा लग्नाचा फोटो. रस्त्यावरून जाणारी एक मोटरसायकल थांबली. मागं बसलेल्यानं वाकून आत पाहिलं.

‘‘घ्या आता फोटू,’’ श्रीपती म्हणाला.

साहेब रस्त्यावर गेले. मोबाईल उभा धरला. ‘‘जरा बाजूला व्हा बाबा, फोटोत येताय.’’

श्रीपती टिकाव घेऊन बाजूला झाला. साहेबांनी फोटो घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘माती. कच्चे. नाव राहील तुमचं यादीत.’’ जाताना ते श्रीपतीचा हात हातात घ्यायला पुढं झाले, पण त्या हातात टिकाव होता. गाडी धुरळा उडवत पुढच्या गावाकडं निघून गेली.

उन्हं कलली. भगदाड तसं ठेवून चालणार नव्हतं, रात्री कुत्री आली असती. श्रीपतीनं पडलेल्या मातीतच पाणी ओतलं, भुसा टाकला आणि पायांनी चिखल तुडवायला लागला. गिलाव्याचे तुकडे चतुराबाई पाटीत भरत होती. एका तुकड्यावर अर्धा बाण होता.

तेवढ्यात रश्मीचा फोन आला. पडद्यावर आधी नातीचं कपाळ आणि मग रश्मी दिसली. साहेब येऊन गेल्याचं बुद्धघोषनं तिला कळवलं होतं.

‘‘आत्या, झालं का? आणि घर पांढरं केलं म्हणं जयंतीला? हिला दाखवा की, भिंत दाखवा आपली.’’

मागं भीमराव चष्मा लावून पडद्यापाशी आले होते. चतुराबाईनं पदरानं डोळ्यांतली माती पुसली. तिनं मोबाईल फिरवला आणि त्या भगदाडापुढं धरला. आतला अंधार, तुळई, आणि पुढं गुडघाभर चिखलात उभा असलेला श्रीपती.

‘‘हे बघ, पोरी,’’ ती नातीला म्हणाली, ‘‘घर मंजूर झालं.’’